खरकट्यावर शेगडी: सहकारनगरातल्या बायोगॅसच्या नोंदी

१८ जानेवारी २०२५

पुण्यात सहकारनगरातल्या आमच्या बैठ्या घराच्या मागच्या खोलीत माझं पोळी-भाजी केंद्र चालतं. रोजचे ८० डबे, सुट्या पोळ्या वेगळ्या. १९ किलोचा सिलिंडर साडेसात दिवसांत संपतो, महिन्याला ४ लागतात. म्हणजे ७६ किलो गॅस. आपल्या देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी साधारण ६० टक्के बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक सगळा आखातातून. माझ्या ७६ किलोंतले ४५ किलो दर महिन्याला बोटीने येतात, हा हिशोब काल रात्री वहीत मांडला आणि मग बराच वेळ झोप लागली नाही.

१९९० साली इराकने कुवेत घेतलं तेव्हा मी पाचवीत होते. रेशनच्या दुकानापुढे रॉकेलच्या रांगेत आई पहाटेच डबा लावून यायची. आमच्या डब्याच्या कडीला ओळखीसाठी लाल चिंधी बांधलेली असायची. शाळेची वेळ होईपर्यंत त्या डब्यापाशी मी उभी. रॉकेल संपलं असेल तर दुपारी स्टो पेटायचा नाही, सकाळचं गार जेवण जेवायचं. आता रॉकेल गेलं, गॅस आला, पण येतो त्याच दिशेने.

इकडे माझ्याच केंद्रातून रोज ५ किलो खरकटं कचऱ्याच्या गाडीत जातं: भाताची खरवड, पेज, उरलेली कणीक, डब्यांतून परत आलेली आमटी. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी अशाच पिष्टमय खरकट्यावर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केलं. त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. एक टाकी खाली, दुसरी तिच्यात उपडी, गॅस झाला की वरची वर उचलते. तसंच मागच्या अंगणात बसवायचं ठरवलंय. कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून सगळं लिहून ठेवते, चुका आणि पैसे धरून.

२५ जानेवारी

१,५०० लिटरची काळी टाकी ₹९,२००, १,००० लिटरची ₹६,४००. दुकानात स्वतः टेप लावून घेतला, कारण टाकीवर लिहिलेल्या लिटरवरून व्यास कळत नाही. शिवाय टाकीला बाहेरून वळ्या असतात, व्यास वळीवरून मोजायचा. मोठीचा आतला १२० सेंमी, लहानीचा बाहेरचा १०७. सगळीकडून साडेसहा सेंमीची फट राहते, पुरेशी आहे.

पाइप, बॉल व्हॉल्व्ह, टँक निपल, युनियन, गॅसची नळी हे बोहरी आळीतून आणलं, ₹३,३५०. खरकटं टाकायला ३ इंची पाइप घेतला. (हा ४ इंची घ्या. का ते पुढे येईल.)

१ फेब्रुवारी

प्लंबरदादांनी दोन्ही टाक्यांचे खांदे हेक्सॉने कापले. कापलेली कड कानशीने घासून घ्या, माझ्या तळहाताला चांगलीच लागली. अंगणात शहाबादी फरशीचे चार तुकडे मांडून त्यावर मोठी टाकी ठेवली, ४० किलो शेणाचा काला ओतला, वर नळाचं पाणी भरलं. मजुरी ₹२,५००.

९ फेब्रुवारी

गॅसचं चिन्ह नाही. आज सकाळी पाहिलं तर टाकी पारिजातकाच्या बाजूला कललेली. वरचा ड्रम तिरका होऊन आत अडकलेला.

दोष पूर्ण माझा. १,२०० लिटर पाणी म्हणजे १,२०० किलो वजन, आणि मी ते भुसभुशीत मातीवरच्या सुट्या फरशांवर ठेवलं. झाडाला पाणी घालतो त्या बाजूची माती दबली. ओळंबा धरून मोजलं तर ४ सेंमीचा फरक. टाकी भरलेली असताना सरळ होत नाही, सगळं उपसावं लागलं. दोन दिवस बादलीने उपसणं, मग खड्डा, मुरूम, त्यावर चार इंची काँक्रीट. ₹४,२०० आणि आठ दिवस गेले. आधी केलं असतं तर पैसे तेवढेच लागले असते, पण आठ दिवस आणि ४० किलो शेण वाचलं असतं.

१६ फेब्रुवारी

परत भरली. या वेळी ओळखीच्या गोठ्यातून १२० किलो ताजं शेण आणलं, टेम्पोसकट ₹१,३०० (पहिल्या फेरीचं शेण यातच धरलंय). गॅस करणारे जिवाणू शेणातूनच येतात, त्यात हात आखडता घेतला की सुरुवात रखडते. पाणीही या वेळी कोमट घातलं. पुण्यात अजून रात्री गारठा आहे आणि थंडीत हे जिवाणू जवळजवळ काम थांबवतात. संयंत्र सुरू करायचं तर मार्चमध्ये करा. जानेवारीची घाई मी केली ती चूकच.

दोन आठवडे खरकटं अजिबात घालायचं नाही.

२ मार्च

ड्रम २० सेंमी वर आलाय! वरच्या टाकीवर पांढऱ्या रंगाने पट्टी आखून ठेवली आहे. १० सेंमी वर म्हणजे सुमारे ९० लिटर गॅस.

हा पहिला गॅस पेटवायचा नाही, मोकळ्यावर सोडून द्यायचा. ड्रममध्ये सुरुवातीला हवा असते, ती मिसळलेला गॅस पेटवणं धोक्याचं. दुसरा भरला तोही सोडला. आमच्या पोळ्यांच्या मावशींना हे पटेना. “ताई, इतक्या दिवसांनी आला आणि तुम्ही वाऱ्यावर सोडताय?” त्यांना कारण सांगितलं तेव्हा त्यांनीच व्हॉल्व्हला चिंधी बांधून ठेवली, चुकून कुणी उघडू नये म्हणून.

८ मार्च

जुन्या एलपीजीच्या शेगडीवर प्रयत्न. एलपीजीचं जेट, म्हणजे गॅस सुटायचं भोक, बारीक असतं, बायोगॅसचा दाब कमी आणि त्यात कार्बन डायऑक्साइडही मिसळलेला, म्हणून भोक मोठं करायचं असतं. मी एकदम ३ मिमीचं ड्रिल मारलं. पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत. पातेलं दोन मिनिटांत काळं. एकदा मोठं झालेलं भोक लहान करता येत नाही, शेगडी गेली. बायोगॅससाठीच बनवलेली एक बर्नरची शेगडी ₹१,९०० ला आणली. मुळात तीच आणायची होती.

संध्याकाळी ती लावली. काडी धरली, फस्स आवाज आला, पण काही दिसेना. मावशींनी हात फिरवून पाहायला पुढे केला तो मी धरला. त्यांनी दार लोटलं, दिवा घालवला, आणि तेव्हा दिसली: बर्नरच्या भोकांवर पाकळ्यांसारखी निळी ज्योत, टोकाला किंचित जांभळी, काजळीचा पत्ता नाही. त्यावर दोघींचा चहा केला. सकाळच्या डब्यांतून परत आलेल्या भाताचा चहा! मावशी बराच वेळ कप हातात धरून ज्योतीकडेच बघत होत्या.

१६ मार्च

ज्योत लहान आहे, चार लिटरचं पातेलं उकळायला पाऊण तास. दाब मोजायला पारदर्शक नळीचा इंग्रजी यू-सारखा वाक केला, आत कुंकवाचं पाणी, एक टोक गॅसच्या लाइनला. दोन बाजूंच्या पाण्यात फरक जेमतेम सव्वादोन सेंमी. रिकाम्या ड्रमचं वजनच २० किलो, त्याला दाब येणार कुठून? ड्रमवर १२ विटा ठेवल्या. फरक ६ सेंमीवर गेला, ज्योत दुप्पट झाली.

विटा एका बाजूला जास्त झाल्या की ड्रम तिरपा होऊन घासतो. घड्याळाच्या आकड्यांसारख्या बारा जागी बारा मांडा आणि दोरीने बांधा.

अजून दोन गोष्टी. नळीत पाणी साचून ज्योत फडफडत होती; नळीच्या सर्वांत खालच्या ठिकाणी टी-आकाराचा जोड आणि छोटा कॉक बसवला, दर दोन दिवसांनी पाणी काढते. आणि कुजलेल्या अंड्याचा वास, तो हायड्रोजन सल्फाइडचा. लोखंडाचा गंज तो धरून ठेवतो म्हणून नळीच्या मध्ये भांडी घासायच्या तारेच्या घासण्या भरल्या, पण मी आणल्या स्टेनलेसच्या, त्या गंजतच नाहीत. साध्या लोखंडी तारेच्या आणून तीन दिवस ओल्या ठेवल्या, तांबूस झाल्यावर भरल्या. वास बराच गेला. घासण्या, पीएचच्या (आंबटपणा मोजायच्या) पट्ट्या, ड्रिलचं पातं असं किरकोळ ₹६५०.

३० मार्च, पाडवा

सणाच्या जास्तीच्या ऑर्डरी, आणि सकाळीच खरकट्याचा पाइप तुंबला. कणकेचे गोळे आणि मेथीच्या काड्या. कणीक पाण्यात विरघळत नाही, पाइपच्या वाकात बसते आणि तिच्याभोवती काड्यांची जाळी होते. वेळवाच्या काठीने तासभर ढोसलं. म्हणून पाइप ४ इंची घ्या आणि तो वाक न देता तिरका सरळ न्या.

आता पद्धत बदलली. खरकटं आदल्या रात्री बादलीत भिजवायचं, कणीक हाताने कोळून घ्यायची, काड्या, कांद्याची सालं, लिंबाच्या फोडी, नारळाची शेंडी वेगळी. लिंबू-संत्र्याची सालं जिवाणूंना सोसत नाहीत. भाताची पेज मात्र सर्वांत गुणी, सकाळी घातली की दुपारपर्यंत ड्रम वर सरकलेला दिसतो.

८ एप्रिल

आजपासून घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी महाग. माझा व्यावसायिक सिलिंडर वेगळा, त्याचा भाव दर १ तारखेला बदलतो, कधी वर कधी खाली, आणि भाजीचा दर मात्र मला गिऱ्हाइकांना वर्षभर एकच सांगावा लागतो.

दोन आठवड्यांचं माप आलं. रोज ५ किलो खरकटं, त्यातून अर्धा घनमीटर गॅस, म्हणजे शेगडी एक तास आणि वर थोडी मिनिटं. अर्धा घनमीटर बायोगॅस उष्णतेच्या हिशोबाने साधारण २२० ग्रॅम एलपीजीइतका. महिन्याला साडेसहा किलो. माझ्या ७६ किलोंत साडेसहा.

आकडा लहान आहे. आज तो लिहिताना मन खट्टू झालं हे खरं. मग बसून एका डब्यात तेल कुठे कुठे आहे ते लिहून काढलं. मार्केट यार्डातून कांदे-बटाटे आणणारा टेम्पो डिझेलवर. डबे पोचवणारी दोन्ही मुलं पेट्रोलच्या गाड्यांवर. भाजीच्या पिशव्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे तेलाच्याच. शेतावरचा युरिया नैसर्गिक वायूपासून. अंगणातल्या माझ्या या दोन काळ्या टाक्याही त्याच खनिज तेलापासून झालेल्या. मी फक्त शेगडीकडे बघत होते. एका पोळीमागे एवढं सगळं वाहून येतं आणि आपण ‘गॅस संपला’ एवढंच म्हणतो.

त्यातून पुढचं काम सुचलं: जाळायचंच कमी करायचं. मागच्या आठवड्यापासून तूरडाळ दोन तास भिजवून, कुकरची एक शिट्टी काढून, कुकर तसाच गोधडीने भरलेल्या लाकडी पेटीत ठेवते. पाऊण तासात डाळ मऊ. पेटी घरातली, खर्च शून्य. गच्चीवर स्टीलच्या दोन झाकणाच्या कॅन बाहेरून काळ्या रंगवून २० लिटर पाणी ठेवते, चार वाजता ते ५० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. संध्याकाळच्या भाताचं आधण त्याचं. उन्हाच्या दिवशी या कॅन मला शंभरेक ग्रॅम गॅस वाचवून देतात. ₹२९,५०० च्या संयंत्राच्या जवळजवळ निम्मं काम एका रंगाच्या डब्याने केलं. हे आधी करा, संयंत्र नंतर.

२६ मे

यंदा मे महिन्यातच पाऊस, आणि आज मोसमी पाऊस पुण्यात आलाही. गच्चीवरच्या कॅन बंद. ड्रम रोज ५५ सेंमी चढायचा तो ४० वर. दोन टाक्यांमधल्या फटीत डास झाले, शेजारच्या काकूंनी दोनदा सांगितलं आणि त्यांचं बरोबर होतं. मच्छरदाणीच्या कापडाची झालर शिवून फटीवर बसवली, इलॅस्टिक घालून, म्हणजे ड्रम वर-खाली झाला तरी ती सरकते. काकूंना गुलाबासाठी स्लरी, म्हणजे टाकीतला पातळ काला, देते आता.

२० जून

आज दोन्ही पालख्या पुण्यात. दरवर्षीप्रमाणे वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी आणि भात. मावशी पहाटे तीनला आल्या.

सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर इराण आणि होर्मुझची सामुद्रधुनी. अगदी अरुंद जागी ती ३३ किलोमीटरच्या आसपास आहे आणि जगात जळणाऱ्या तेलापैकी पाचवा हिस्सा तिथून जातो. आपल्याकडे येणारा आखाती एलपीजीही तिथूनच. इस्रायल-इराण युद्ध सुरू होण्याआधी कच्चं तेल पिंपाला ७० डॉलरच्या आत होतं, ते ८० ला टेकायला आलंय. आज मी शंभर-सव्वाशे माणसांच्या भाताला आधण ठेवलं आणि ते कुणाच्या हातात आहे हा विचार डोक्यातून गेला नाही. तिथल्या बायकाही आज चूल पेटवत असतील, तीही आठवण होती.

२४ जून

मोठी चूक झाली, ती सविस्तर लिहिते.

पालखीच्या तीन दिवसांत भात, पिठलं भरपूर उरलं. अन्न वाया जाऊ नये आणि होर्मुझच्या बातम्यांनी मन धास्तावलेलं, म्हणून रोजच्या ५ किलोंच्या जागी १४-१५ किलो टाकीत घातलं. शनिवारी, रविवारी ड्रम पार वर, कडेने बुडबुडे. मला आनंद झाला. सोमवारी शेगडी पेटेना. काडी लावली की ज्योत उठायची आणि विझायची. ड्रम भरलेला, पण आत जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. स्लरीला व्हिनेगरसारखा आंबूस वास, पीएचची पट्टी साडेपाचवर. सात-सव्वासात हवा; आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त.

झालं असं की खरकटं आंबवून आम्ल करणारे जिवाणू भराभर वाढतात आणि त्या आम्लाचा मिथेन, म्हणजे जळणारा वायू, करणारे सावकाश. एकदम जास्त घातलं की आम्ल साचतं आणि ते सावकाश वाढणारेच त्यात मरतात. म्हणजे ड्रम फुगला तेव्हाच बिघाड सुरू झालेला होता. ड्रमच्या उंचीवर भरवसा ठेवू नका, ज्योतीवर ठेवा.

आज युद्धविरामाची बातमी आली, तेलही उतरलं. माझी टाकी मात्र आता बंद.

११ जुलै

आज पुन्हा निळी ज्योत. १७ दिवस गेले. काय केलं ते: खरकटं पूर्ण बंद. २०० लिटर स्लरी काढून टाकली. गोठ्यातून ३० किलो शेण, कोमट पाण्यात कालवून. खायचा सोडा रोज पाव किलो असा सहा दिवस, पाण्यात विरघळवून. चुना बऱ्याच जणांनी सुचवला होता, पण तो जरा जास्त झाला तर पीएच एकदम वर उडतो, सोड्याचं तसं होत नाही. पीएच ६.८ ला आल्यावर फक्त पेज, १ लिटर, मग २. आता रोज अर्धा किलोने वाढवत ५ वर नेणार.

त्या १७ दिवसांतलं खरकटं पुन्हा कचऱ्याच्या गाडीत गेलं.

मावशींनी बादलीला आतून ५ किलोची खूण केली आहे, खिळ्याने ओरखडा काढून. त्याच्या वर गेलं की त्या घालूच देत नाहीत.

२७ जुलै

सिलिंडर आज बदलला. साडेसात दिवसांचा साडेआठ दिवस गेला. पावसाळ्यात कॅन नाहीत, हे फक्त बायोगॅस आणि गोधडीच्या पेटीचं. हिवाळ्यात ऊन असेल तेव्हा नऊच्या पुढे जाईल असं वाटतं.

एकूण खर्च ₹२९,५००. बायोगॅसमुळे महिन्याला वाचतात साधारण ₹५८०, म्हणजे पैसे वसूल व्हायला चार वर्षांच्या वर लागतील, मध्ये काही मोडलं नाही तर. पैशासाठी करायचं असेल तर करू नका, असं मी विचारायला येणाऱ्यांना स्पष्ट सांगते. त्यातल्या दोघी तरी पेटी करून गेल्या, टाकी नाही. तेही मला पुष्कळ वाटतं.

पुढचं काम डब्यांच्या गाड्यांचं. दोन मुलांपैकी एकाची पेट्रोलची गाडी जुनी झालीय, त्याला विजेवरची घ्यायला निम्मे पैसे मी देणार आहे. रोजचं अंतर २२ किलोमीटर, त्यामुळे चार्जिंगची अडचण नाही. सध्या दोन ठिकाणच्या किमती काढतोय.

आणि ऑक्टोबर संपायच्या आत टाकीभोवती पेंढा आणि काळं प्लॅस्टिक गुंडाळायचंय, थंडीत ड्रम बसू नये म्हणून. गोठ्यात पेंढ्याच्या सहा पेंड्या सांगून ठेवल्या आहेत.